डेलिली : पुसलेली लेबलं आणि कॅथरिन-बार्बराचा घोळ

अबोली_७
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज नाइलाजाने धागा काढतेय.

माझ्याकडे डेलिलीच्या एकेचाळीस कुंड्या आहेत. (घरात हा आकडा मी अजूनही "वीस-पंचवीस" असाच सांगते.) सुरुवात झाली एका पोत्यापासून. ओळखीच्या एका काकूंनी गड्डा फोडला आणि उरलेले फुटवे "लागले तर लाव, नाहीतर टाक" म्हणून दिले. साधी केशरी. तीन दिवस पोतं तसंच पडून होतं, मुळं वर आणि पानं खाली. मग जीव खाऊ लागली म्हणून एकदाची मातीत खोचली. पुढच्या बहराला कमरेइतके दांडे आणि रोज सकाळी नवं फूल. तिथून जे सुटले ते सुटलेच. पिवळी आली, पांढरट आली, डबल आली, डोळ्याची (मधे गडद कडं असलेली) आली.

आता दुखणं. नावं मी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर "कायमच्या" मार्करने लिहिली होती. कायमचं म्हणजे एक उन्हाळा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उरलंसुरलं यंदाच्या संततधारेने धुऊन नेलं. एकेचाळीसपैकी सतरा पट्ट्या वाचता येतात, बाकीच्या अगदी कोऱ्या. बहर संपलाय, त्यामुळे सगळ्या कुंड्यांत नुसती पाती. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं.

काय काय विकत घेतलं त्याची यादी आहे, पण कुठली कुंडी कुठली ते माहीत नाही. नावं परत मिळवता येतील का? आणि तुम्ही लेबलं कशी लावता?

टिवटिव
पेन्सिल. साधी शिसपेन्सिल. बाकी सगळं झूट.

निवांत
एकेचाळीस! अबोलीताई, दंडवत घ्या.
पण एक शंका. हे फूल एकच दिवस टिकतं ना? मग एवढा खटाटोप कशासाठी? आमच्याकडे कोपऱ्यात लिलीचे कांदे आहेत, पाऊस आला की फुलतात, कुणी विचारत नाही त्यांना.

अबोली_७
निवांत, तुमची ती कांदेवाली लिली वेगळी. डेलिलीला कांदा नसतोच. उपटून बघितलं तर खाली शतावरीसारखी जाड, पांढरट मुळं असतात आणि त्यांच्या माथ्यावर पानांचा पंखा. नावात लिली असली तरी ती लिलीच्या कुळातली नाही, वनस्पतीशास्त्रवाले हल्ली तिला कोरफडीच्या मोठ्या कुळात बसवतात. हेमेरोकॅलिस हे शास्त्रीय नाव लिनिअसने 1753 मध्ये दिलं. ग्रीकमध्ये हेमेरा म्हणजे दिवस आणि कॅलॉस म्हणजे सौंदर्य. एक दिवसाचं रूप म्हणा.

एक दिवसाचं खरं, पण एका दांड्यावर पंधरा-वीस कळ्या असतात, भरलेल्या गड्ड्यावर पाच-सहा दांडे. त्यामुळे महिनाभर सकाळी उठून "आज कोण?" हे बघायला जायचं असतं. संध्याकाळी फूल मिटलं की पाकळ्या ओल्या कागदासारख्या लिबलिबीत होतात. गडद जातींचं फूल चिमटीने काढलं तर बोटांना जांभळी शाई लागते. मी रोज काढते. नाही काढलं तर ते शेजारच्या कळीला चिकटतं आणि सकाळी ती बिचारी अर्धवट उघडते, एक पाकळी अडकलेली.

निवांत
"आज कोण?" हे मात्र पटलं. बसतो इथे सतरंजी टाकून.

गड्डेकर
धागा उशिरा दिसला. अबोली, आधी कडू औषध देतो.

फोटोवरून डेलिलीचं नाव सांगता येत नाही. कुणीही सांगितलं तरी विश्वास ठेवू नकोस, मी सांगितलं तरीही. नोंदणी झालेल्या जाती एक लाखाच्या घरात आहेत. त्यातल्या केशरट-गुलाबी, हिरव्या घशाच्या (घसा म्हणजे फुलाचा आतला खोलगट भाग), कुरळ्या कडेच्या कितीतरी हजार निघतील. शिवाय एकाच झाडाचं फूल गार सकाळी वेगळं आणि कडक उन्हात वेगळं. दुपारी दोनला काढलेला फोटो म्हणजे कोर्टात खोटी साक्ष.

आता गोड. तुझ्याकडे यादी आहे, म्हणजे लाखातून नाही, चोविसांतून शोधायचंय. हे जमण्यासारखं आहे. अमेरिकन डेलिली सोसायटी (1946 साली स्थापन झाली, पूर्वीचं नाव अमेरिकन हेमेरोकॅलिस सोसायटी) जगभरच्या जातींची नोंदणी ठेवते. प्रत्येक जातीपुढे दांड्याची उंची, फुलाचा व्यास, बहराचा काळ, पानांची सवय (थंडीत झोपणारी की हिरवी राहणारी), डिप्लॉइड की टेट्राप्लॉइड (गुणसूत्रांचे दोन संच की चार), सगळं असतं. आकडे नोंदवणाऱ्याच्या बागेतले, तुझ्याकडे दोन-चार इंच इकडेतिकडे होणार. पण अकरा इंचांची जात तीस इंच होत नाही.

तेव्हा यादी इथे टाक. आणि लेबलांचं टिवटिव म्हणतेय ते खरं. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट, ते उन्हाने उडत नाही. मार्करची शाई उडते. मी अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या वापरतो. संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहायचं, अक्षर कोरलं जातं. एक पट्टी वर, एक कुंडीच्या मातीत खाली पुरलेली. वरची पट्टी मांजर, मूल किंवा पाहुणा यांपैकी कुणीतरी उपटतोच. पाहुण्यांचं तर काय सांगू, वाचतात आणि शेजारच्या कुंडीत खोचतात.

आणि वहीत नकाशा. नकाशा नसेल तर संग्रह नाही, नुसती झाडं आहेत.

टिवटिव
काका, "नुसती झाडं" वाल्यांच्या भावना दुखावल्या.

गड्डेकर
दुखावू देत. तुझ्याकडे नकाशा आहे का?

टिवटिव
...आहे.

अबोली_७
काका, खूप धन्यवाद. यादीतली पक्की ओळखता येणारी आधी काढते. स्टेला द ओरो तर बुटकेपणावरूनच कळते. फ्रान्स हाल्स पण, तीन पाकळ्या विटकरी आणि मधल्या मधल्या तीन पिवळ्या, असं दुसरं माझ्याकडे नाही. डबल एकच आहे, सिलोम डबल क्लासिक. जोन सीनियर पांढरट, तीही एकच.

खरा घोळ दोघींचा आहे. कॅथरिन वुडबेरी आणि बार्बरा मिचेल. एक फिकट जांभळट-गुलाबी आणि दुसरी गुलाबी. यंदा उन्हात दोघी इतक्या उतरल्या की दोन्ही कुंड्यांत पेस्टल गुलाबीच दिसत होतं. एक कुंडी दाराशी, एक भिंतीशी. कुठली कोण?

ढगोबा
कॅथरिन दाराशी. नावावरूनच वाटतं, तिला पाहुणे आवडत असणार.

मनीम्याऊ
बार्बरा दाराशी. माझं मत नोंदवून घ्या.

गड्डेकर
मतदानाने नाव ठरत नसतं. नोंदणी बघा. कॅथरिन वुडबेरी, 1967 ची, दांडा तीस इंच, फूल सहा इंच, हिवाळ्यात झोपणारी. बार्बरा मिचेल, 1984 ची, दांडा वीस इंच, फूल तेवढंच सहा इंच, अर्धसदाहरित. हिला 1992 चं स्टाउट पदक, म्हणजे डेलिलीतला मोठा मान, मिळालंय. दहा इंचांचा फरक म्हणजे खूप झाला. अबोली, दांडे कापलेस का?

अबोली_७
कापले काका. स्वच्छतेची खोड.

गड्डेकर
मग थंडीची वाट बघ. झोपणारीची पानं पिवळी पडून जमिनीत जातील, माथ्यावर फक्त टोकदार घट्ट कोंब उरेल. अर्धसदाहरित थोडी खुजी होईल, पण हिरवी राहील. एक सूचना: जिथे थंडी नावापुरतीच पडते तिथे झोपणाऱ्या जातीही नीट झोपत नाहीत, अर्धवट पेंगतात. तेव्हा पहिल्या आठवड्यात निकाल लावू नकोस.

बिनपाण्याचा_माळी
मध्येच घुसतोय, माफी. माझी डेलिली तीन वर्षं नुसती पानं काढतेय, एकही दांडा नाही. खत भरपूर घालतो. पाणी भरपूर. (नावावर जाऊ नका.)

टिवटिव
खत कुठलं? पानं काळपट हिरवी आणि लोळणारी असतील तर नत्र जास्त झालं. आधी ते थांबवा. मग ऊन मोजा. सहा तास थेट ऊन नसेल तर फुलं हातचं राखून येतात.

बिनपाण्याचा_माळी
ऊन आहे. सकाळपासून दुपारपर्यंत.

गड्डेकर
मग बोटाने माती उकर आणि बघ, पानं जिथे मुळांना मिळतात तो पांढरट माथा किती खाली आहे. एखाद इंच खाली असायला हवा. माणसं प्रेमाने चार-चार इंच पुरतात. पुरलेलं झाड आधी वर यायच्या खटपटीत असतं, फुलायची खटपट नंतर.

आणि शेवटचं, गड्डा कधी फोडलास? कुंडीत तीन वर्षांत मुळांची जाळी होते. सगळी माती संपते आणि मुळंच मुळांना धरून बसतात.

बिनपाण्याचा_माळी
काका, उकरलं. माथा पाऊण वीत खाली आहे. मीच लावली होती. काय करू, आत्ताच काढू?

गड्डेकर
काढ. बागकाट्याने कडेने सैल कर, अख्खा गड्डा उचल, पाण्याच्या झोताने माती धू. मुळं दिसल्याशिवाय कापाकापी नको. फुटवे आपोआप कुठे सुटतात ते हाताला कळतं, हलवत हलवत ओढायचं. अडलं तरच सुरी. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन फुटवे ठेव, एकेक करशील तर एक बहर हुकेल. पानं सहा इंचांवर कापून टाक, नाहीतर मुळं रुजायच्या आत पानं पाणी मागतील. जखमा सावलीत एक दिवस सुकू दे. कुंडीत मातीचा छोटा उंचवटा करून त्यावर बसव, मुळं चारी बाजूंनी खाली सोड. पायाखाली छत्री उघडी ठेवल्यासारखी.

भर पावसात मात्र हे करू नकोस. ओली जखम आणि ओली माती म्हणजे माथा सडणार. सडलेला माथा लपत नाही, वास येतो.

मनीम्याऊ
माझाही जुना प्रश्न: आमच्याकडे दोन मांजरं आहेत. डेलिली चालेल ना? कांदेवाली लिली मांजरांना वाईट असं ऐकलंय, पण अबोलीताई म्हणाली ही लिलीच नाही.

अबोली_७
नाही नाही नाही! मनीम्याऊ, हे माझ्या वाक्याने झालं तर मला झोप लागायची नाही. कुळ वेगळं असलं तरी मांजरांच्या बाबतीत डेलिली खऱ्या लिलीइतकीच धोक्याची आहे. पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. मूत्रपिंडं निकामी होतात. अंगावर पडलेला पराग चाटून साफ केला तरी पुरतं. चावल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता लगेच पशुवैद्याकडे न्यायचं, तासांचा हिशोब असतो.

मनीम्याऊ
बापरे. बरं झालं विचारलं. मग मी फक्त वाचणार आणि मत नोंदवणार. (बार्बरा दाराशी.)

ढगोबा
मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून निळ्या डेलिलीचं बी मागवलंय. फोटोत अगदी मोरपंखी निळी आहे. संग्रहात भर घालायला कुणाला हवं असेल तर सांगा.

टिवटिव
ढगोबा. बस. पाणी पी.
निळी डेलिली नाहीये. कुणालाच साधलेली नाही. पिवळी, केशरी, लाल, गुलाबी, जांभळी, जवळजवळ काळी, जवळजवळ पांढरी, हे सगळं आहे. निळ्याच्या जवळ जातो तो एखाद्या जांभळटीचा डोळा, राखाडी-निळसर, तोही गार सकाळीच. आणि समजा असती, तरी बियांतून आईसारखं रोप येत नाही. हवी ती जात हवी असेल तर फुटवाच घ्यावा लागतो. बियांतून येणारं प्रत्येक झाड नवं.

बी कसं दिसतं सांग.

ढगोबा
काळं. बारीक. कोपरे कोपरे असलेलं.

टिवटिव
डेलिलीचं बी गोलसर, चकचकीत काळं असतं, जोड्याला पॉलिश केल्यासारखं. कोपरे असलेलं, काजळीसारखं फिकं काळं म्हणजे तू कांदा पेरणार आहेस.

ढगोबा
पेरला. उगवलाय. पात जोरात आहे.

निवांत
सतरंजीवरून हसून पडलो. ढगोबा, निदान ती लिली कांदेवाली आहे.

अबोली_७
टिवटिव, तू स्वतः संकर करतेस ना? सांग की त्याबद्दल. ढगोबाचं मन रमेल.

टिवटिव
करते म्हणजे, एक अख्खा बहर वाया घालवून शिकले ते सांगते.

कृती सोपी आहे, म्हणूनच माणूस फसतो. सकाळी फूल उघडलं की एकाचा पुंकेसर चिमट्याने तोडायचा आणि दुसऱ्याच्या लांब कुक्षीच्या टोकाला पराग लावायचा. दांड्याला रंगीत दोरा बांधायचा, वहीत लिहायचं. लागलं असेल तर फूल वाळून गळताना मागे हिरवा फुगवटा राहतो. ते बोंड पिकायला सहा ते आठ आठवडे. टोकाला फट पडायला लागली की काढायचं, नाहीतर बिया मातीत.

मी काय केलं, तर स्टेला द ओरोवर स्ट्रॉबेरी कँडीचा पराग लावला. रोज. बुटकी, सतत फुलणारी आणि वर गुलाबी डोळा, अशी स्वप्नं. साठेक फुलांवर दोरे बांधले. दांडे अगदी नवसाच्या वडासारखे दिसत होते. एकही बोंड नाही.

स्टेला डिप्लॉइड आहे, बावीस गुणसूत्रांची. स्ट्रॉबेरी कँडी टेट्राप्लॉइड, चव्वेचाळीसची. जमतच नाही. हे नोंदणीत पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं. मी फक्त फोटो बघितले होते.

गड्डेकर
टिवटिवने स्वतःहून सांगितलं हे तिचं मोठेपण. मीही केलंय, दोरे मोजले नव्हते इतकंच.

यावरून एक आठवलं. अबोली, तुझ्या काकूंची ती साधी केशरी, तिला कधी बोंड धरलं का?

अबोली_७
नाही. कधीच नाही. एवढी फुलते पण बी नाही.

गड्डेकर
धरणारच नाही. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच, तेहतीस. जोड्या लागत नाहीत म्हणून बी नाही. मूळची पूर्व आशियातली, पण जगभर जी जुनी केशरी डेलिली बांधावर, ओढ्याकाठी, पडीक अंगणात दिसते ती बहुतेक सगळी एकच झाड आहे. शेकडो वर्षं माणसं गड्डा फोडून एकमेकांना देत आली. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमधल्या अर्लो बर्डेट स्टाउट यांनी तिच्या या वांझपणाचा अभ्यास केला आणि तिला 'युरोपा' नाव दिलं. पुढे आशियातून इतर रानटी जाती मिळवून त्यांनी संकर केले. 1934 ची 'थेरॉन' ही पहिली खरी गडद लाल समजतात, ती त्यांचीच. स्टाउट पदक त्यांच्याच नावाचं, 1950 पासून देतात. त्यांच्याआधी 1890 च्या दशकात जॉर्ज येल्ड नावाच्या इंग्रज शाळामास्तरांनी 'अॅप्रिकॉट' केली होती, शाळा सांभाळून.

म्हणजे तुझ्या एकेचाळीसांतली सर्वांत जुनी जी, ती पोत्यातून आलेली.

अबोली_७
काका, काय सांगता. आणि मी तिला गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात टाकलंय. उद्या पुढे आणते.

टिवटिव
कुंडीतच आहे ना ती? जमिनीत सोडू नकोस. आडव्या मुळांनी पसरते, मग शेजारचे येतील धागा काढायला.

अबोली_७
मंडळी, नवीनच संकट. आठ-दहा कुंड्यांच्या पानांवर पिवळे ठिपके आहेत. काहींवर मधोमध तपकिरी रेघ. तांबेरा का?

गड्डेकर
पांढरा कागदी रुमाल घे, पानाच्या खालच्या अंगाने ओढ. केशरी पूड लागली तर तांबेरा. नुसत्या रेघा असतील आणि रुमाल कोरा राहिला तर तो दुसरा, पानांवर रेघा पाडणारा बुरशीचा रोग. दिसायला वाईट, पण साधा.

अबोली_७
सहा कुंड्या कोऱ्या. चार कुंड्यांवर रुमाल हळदीचा हात पुसल्यासारखा.

गड्डेकर
मग तांबेरा. घाबरू नकोस, याने झाड सहसा मरत नाही. अमेरिकेतल्या बागांत हा 2000 साली पोचला आणि तिथल्या संग्राहकांनी अक्षरशः वाफे उपटले. नंतर कळलं, सोबत राहता येतं. त्या चार कुंड्या बाजूला कर. पानं जमिनीपासून दोन-तीन इंचांवर कापून टाक, खतात नको, बागेबाहेर. हात आणि कात्री धुऊनच पुढच्या कुंडीकडे जा. पाणी पानांवर नको, बुडाशी दे. सकाळी दे. या बुरशीला रुजायला ओलं पान लागतं.

नवी कुंडी आणलीस की महिनाभर वेगळी ठेव. आणि कुठल्या चार कुंड्यांना लागला ते वहीत लिही. काही जाती फार घेतात, काही शेजारी असून घेत नाहीत. तुझ्या बागेतलं हे तुलाच कळणार, नोंदणीत हे नसतं.

निवांत
एका दिवसाच्या फुलाला केवढी ही उस्तवार. तरी वाचतोय रोज. बायको विचारतेय, ही कॅथरिन कोण.

अबोली_७
धागा वर काढतेय. थंडी पडलीय आणि मी रडकुंडीला आलेय.

दाराशी असलेली कुंडी हिरवीगार. भिंतीशी असलेली अर्धी गेली. अर्धीच! डावीकडची पानं पिवळी पडून लोळली, ओढली तर हातात आली. उजवीकडची जशीच्या तशी हिरवी. माथा सडला बहुतेक. सगळं उपटून उरलेलं वाचवू का?

टिवटिव
थांब. वास घेतलास?

अबोली_७
मातीचा वास. बाकी काही नाही.

टिवटिव
गेलेल्या बाजूचा माथा बोटाने दाब. लिबलिबीत आहे का?

अबोली_७
नाही. घट्ट आहे. मधोमध बोटाला टोचतंय काहीतरी. टॉर्च लावून बघितलं. हिरवट-पांढरं टोक, कणसाच्या शेंड्यासारखं. तीन आहेत.

गड्डेकर
अबोली, झाड सडलेलं नाही. झोपलंय.

आता आठव. कॅथरिन आणि बार्बरा एकाच दिवशी लावल्या होत्यास का?

अबोली_७
काका...
हो. दोन्ही एकाच पुडक्यात आल्या होत्या. एक फुटवा मोडून सुटला होता. कुठल्याचा ते कळलं नाही. बसेल कुठेतरी म्हणून भिंतीच्या कुंडीत कडेला खोचला.

ढगोबा
म्हणजे भिंतीच्या कुंडीत दोघी!

मनीम्याऊ
आणि दाराशी सगळी हिरवीगार, म्हणजे बार्बरा. नोंदवलेलं मत वाचावे.

गड्डेकर
मत बरोबर निघालं म्हणून पद्धत बरोबर होत नाही. पण शक्यता दाट आहे. दांडे येईपर्यंत पट्टीवर प्रश्नचिन्ह ठेव. आत्ता वेगळ्या करू नकोस, झोपलेलीला हलवायला नको. डाव्या बाजूला एक लाल दोरा बांधून ठेव.

बिनपाण्याचा_माळी
या गडबडीत माझंही सांगतो. वर लावून, खत थांबवून चार महिने झाले. एका गड्ड्याचे पाच झाले. दांडा नाही अजून, पण पानं आता लोळत नाहीत, ताठ आहेत.

टिवटिव
येईल. पंख्याच्या मधोमध बघत राहा. पान चपटं निघतं, दांडा निघताना टोक जाड आणि गाठाळ दिसतं, दोन बोटांत धरलं तर आत कळ्या कळतात. तेव्हापासून पाणी चुकवू नका, कळ्या गळतात. फुलकिडे बसले तर कळीवर पांढरट ओरखडे दिसतील, पाण्याचा झोत मारा.

अबोली_७
अंतिम वृत्तांत.

भिंतीच्या कुंडीत दोन उंचीचे दांडे आले. उजवीकडचा साडेएकोणीस इंच, डावीकडचा, लाल दोऱ्याचा, अठ्ठावीस. शिवणाच्या टेपने मोजले, दोनदा. काल सकाळी सव्वासहाला दोघी एकदमच उघडल्या. ऊन यायच्या आत खाली बसून बघितलं. ठेंगणीची पाकळी रुंद, कडेला चुण्या, गुलाबी. उंच आहे तिची पाकळी निमुळती, गुलाबीवर जांभळट झाक, घसा हिरवट-पिवळा. आणि तिलाच वास आहे, मंद. ठेंगणीजवळ नाक नेलं तर नुसता पराग लागला. साडेअकराला परत गेले तर दोघी फिक्या पडल्या होत्या, कालपर्यंतच्या माझ्यासारख्याच कुणालाही सारख्या वाटतील अशा.

दाराशी असलेल्या कुंडीचा दांडा वीस इंच. तीही रुंद पाकळ्यांची. मनीम्याऊ, घे तुझं.

चोविसांपैकी एकोणीस नावं लागली. पाच अजून कोरी आहेत. त्यांच्यावर "अज्ञात १" ते "अज्ञात ५" लिहिलंय, पेन्सिलीने. काकूंच्या केशरीला पुढची जागा आणि 'युरोपा'ची पट्टी.

बहर संपला की भिंतीची कुंडी फोडून दोघींना वेगळं करेन. कॅथरिनचे दोन फुटवे जास्तीचे निघतील असं दिसतंय. कुणाला हवे आहेत?

निवांत
मला द्या. एकच. बायकोला सांगितलंय.

गड्डेकर
निवांत, पट्टी तयार ठेवा.

बिनपाण्याचा_माळी
दांडा आला!!! फोटो टाकतो थांबा, हात मातीचे आहेत.